श्रीलंकेत रिक्षा भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची असेल तर

सांगलीच्या एका दादांनी विचारलंय. जानेवारीत आठ दिवस श्रीलंकेला निघालेत, ते, वहिनी आणि आई-बाबा. तिकडं रिक्षा दिवसाच्या भाड्यानं मिळते आणि आपणच चालवायची असते हे त्यांना कळलंय, बुलेट बरीच वर्षं चालवतायत पण रिक्षाचं हँडल कधी हातात धरलेलं नाही. अख्ख्या बेटाला चक्कर होईल का, चौघं सामानासकट बसतील का, आणि मुळात घ्यावी का नको?

मी साताऱ्यात आधी रिक्षा चालवली, मग रिक्षाचंच गॅरेज टाकलं, आणि आता थंडीच्या दिवसात इथल्या ग्रुपबरोबर लंकेला जातो, त्यांना चालवायला शिकवायला आणि वाटेत गाड्यांकडं बघायला. तर सरळ सांगतो, घ्या. समुद्राच्या कडेनं दोन्ही बाजूंनी मोकळ्या गाडीतून जाताना वास, वारा, लोकांचे आवाज सगळं अंगावर येतं, एसी गाडीत काचेमागं बसून त्यातलं काही मिळत नाही. पण बेटाची चक्कर डोक्यातून काढा, चौघं एका रिक्षात बसू नका, आणि घाट रिक्षानं चढा पण उतरताना ड्रायव्हर असलेली गाडी करा. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर खाली बोलतो.

चक्कर का नको ते आधी. नकाशावर लंका एवढीशी दिसते म्हणून सगळे फसतात. ६५,६१० चौरस किलोमीटरचं बेट आहे, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा, आणि तिथं तीनचाकीला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. एक्स्प्रेस वेवर रिक्षाला एन्ट्रीच नाही, म्हणजे कोलंबो ते दक्षिण किनाऱ्यावरचं गाले जे अंतर कारवाले सदर्न एक्स्प्रेस वेनं भर्रकन काटतात ते तुम्हाला जुन्या ए-२ रोडनं गावागावातून, बाजारातून, बसच्या मागं मागं करायचं. थांबत थांबत तासाला पंचवीस पडले तरी खूप झाले. माझा नियम असा की नवख्या माणसानं दिवसाला ८०-९० किलोमीटरच्या वर जायचं नाही, कारण रिक्षात हँडलवर खांदे आणि डावं मनगट सतत कामाला असतं, चार तासांनी हात जड होतात आणि मग चुका होतात. मोबाईलच्या मॅपमध्ये हायवे आणि टोल टाळा हा ऑप्शन चालू करून ठेवा, नाहीतर तो तुम्हाला एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

आता चालवण्याचं. तिकडच्या बहुतेक रिक्षा आपल्याच बजाज आरई आहेत, गाड्या डाव्या बाजूनंच चालतात, म्हणजे यंत्र आणि रस्ता दोन्ही ओळखीचं. अडचण दुसरीच आहे, बुलेटची सवय. ज्याला बाईक छान येते तोच पहिल्या दिवशी जास्त चुकतो हे मी परत परत बघितलंय. क्लच डाव्या हातात हे ठीक, पण गिअर पायात नाहीत, त्याच डाव्या मुठीत आहेत, क्लच दाबून मूठ फिरवायची. ब्रेक उजव्या पायाचा, एकच पॅडल तिन्ही चाकांना लागतं. उजव्या हातात पुढच्या ब्रेकचा लिव्हर नाही, आणि बाईकवाला घाबरला की त्याची बोटं आधी तिकडंच जातात, तिथं काहीच नसतं, तेवढ्यात अर्धा सेकंद गेला. म्हणून पाय ब्रेकवर आपोआप जाईपर्यंत रस्त्यावर यायचं नाही.

दुसरं म्हणजे वळण. बाईक वळणात आपण कलवतो, रिक्षा कलत नाही, कलली तर उलटतीच. पुढं एक पाय असलेल्या तीन पायाच्या स्टुलावर बसून तिरकं पुढं झुकलं की काय होतं ते आठवा, वळणात ब्रेक मारला की नेमकं तेच होतं, सगळं वजन पुढच्या कोपऱ्यावर जातं जिथं चाकच नाही, आणि आतल्या बाजूचं मागचं चाक उचलतं. त्यामुळं वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, गिअर तिथंच खाली घ्यायचा आणि वळणातून हलका ॲक्सिलेटर धरून बाहेर पडायचं. हे एकदा अंगात मुरलं की रिक्षा अगदी गुणी गाडी आहे.

आणि खड्डा. बाईकवाला खड्डा बाजूनं काढतो, कारवाला दोन चाकांच्या मधून काढतो. रिक्षाला तिसरं चाक मधोमध आहे, म्हणजे तुम्ही रस्त्यावर तीन रेघा ओढत चाललाय, एक वाचवली की दुसरी पडते. मोठा खड्डा असेल तर पूर्ण बाजूला जा, नाहीतर वेग पार कमी करून हळू उतरवा. पुढचं चाक वाचवायच्या नादात हँडल झटकून वळवू नका, तेवढ्यानंसुद्धा रिकामी रिक्षा दोन चाकांवर येते.

इथं सराव कसा करायचा? ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगा, रविवारी सकाळी मोकळं मैदान किंवा एमआयडीसीत बंद आवार असेल तिथं दोन-दोन तास, असे तीन-चार रविवार. आधी रिकामी गाडी, मग मागं दोन माणसं बसवून, कारण भरलेल्या गाडीचं ब्रेकचं अंतर आणि वळणं दोन्ही बदलतं. रिव्हर्सचा दांडा वेगळा असतो तोही वापरून बघा. चढावर थांबवून हँडब्रेकवर उचलायला शिका, हे जमलं नाही तर तिकडं चढावर मागं बस उभी असताना घाम फुटतो. मग एखाद्या दिवशी साताऱ्याला या आणि यवतेश्वरच्या घाटात जुन्या रिक्षावाल्याच्या मागं बसून नुसतं बघा, तो उतारावर पाय किती कमी वापरतो आणि कुठला गिअर धरतो ते. चालवू द्या त्यालाच, तुम्ही बघा. नुसत्या बघण्यातनं लय कळतं.

आता घाट उतरायचा विषय. रिक्षाला तिन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. लांब उतारावर पाय पॅडलवर ठेवूनच उतरलात की ड्रम तापतो, लायनरचा जळका वास येतो, पॅडल मऊ लागायला लागतं आणि मग दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. यावर उपाय इंजिनचा ब्रेक, म्हणजे ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ॲक्सिलेटर सोडून, आणि ब्रेक थोडा दाबून पूर्ण सोडायचा, परत थोडा दाबायचा. आपल्याकडं पेट्रोल वाचवायला काही जण न्यूट्रल टाकून उतार सोडतात, ते तिथं अजिबात करायचं नाही, जीवाशी खेळ आहे तो. हे सगळं वाचायला सोपं आहे पण अंगवळणी पडायला वर्षं जातात, आणि तुमच्या मागं घरचं माणूस बसलेलं असणार. म्हणून मी नवख्या माणसाला सांगतो की चढ करा. चढाला वेग मुळातच कमी असतो, चुकलं तर गाडी बंद पडते, तेवढंच. तिकडचे मोठे उतार, म्हणजे नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे आणि तिथून रांबोडाकडं खाली उतरणारी वळणं, तीही धुक्यात, ही पहिल्या फेरीची जागा नव्हे. आपलं महाबळेश्वर १,३५० च्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्या.

चौघांचं गणित असं. कायद्यानं ड्रायव्हर अधिक तीन बसतात तिथंही. पण इंजिन मागच्या सीटखाली, माणसं मागं, बॅगाही मागं, आणि पुढं एकटं चाक, चढावर पुढचं चाक हलकं लागायला लागतं, हँडलला जोर राहत नाही. दोन माणसं आणि दोन बॅगा इतकंच ठेवा, जड बॅग मागच्या कॅरेजवर न टाकता सीटसमोर पायाशी ठेवा. आई-बाबांना जवळच्या जवळ फिरवा, गाले ते उनावटुना, संध्याकाळी बीचवर, असं, त्यांनाही हौस होईल. लांबच्या टप्प्याला त्यांना बसवू नका, कंबर आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात. किनाऱ्याला रेल्वे आहे, कोलंबो फोर्टवरून गाले, पुढं मातारा आणि २०१९ पासून बेलिअट्टापर्यंत, आणि रूळ कितीतरी ठिकाणी समुद्राला चिकटून जातात, आई-बाबांना ते जास्त आवडेल, रेल्वेच्या पुढं त्यांना ड्रायव्हरची गाडी करा.

मग रूट. मी तुमच्या जागी असतो तर कोलंबोत रिक्षा घेतलीच नसती, तिथलं ट्रॅफिक शिकायची जागा नाही. उतरल्यावर आराम, दुसऱ्या दिवशी चौघंही रेल्वेनं गालेला, आणि रिक्षा तिथं नाहीतर वेलिगामाला ताब्यात घ्यायची. भाड्यानं देणारे किनाऱ्यावर बरेच आहेत आणि एका गावात देऊन दुसऱ्या गावात परत घेणारेही आहेत, पैसे थोडे जास्त लागतात, पण आधी मेसेजवर हेच पक्कं करा की गालेला द्या आणि डोंगरातल्या एल्ला गावी परत घ्या. ते जमत असेल तर पुढचं सगळं सोपं होतं.

गालेचा किल्ला बघायला अर्धा दिवस द्या, पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी वाढवलेला, १९८८ पासून जागतिक वारशात आहे. आत गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षा बाहेर लावून चालत फिरा. तिथून ए-२ नं कोग्गला, वेलिगामा, मिरिसा, हा टप्पा पस्तीसेक किलोमीटरचाच आहे आणि पहिल्या दिवसाला तेवढाच बरा. मग तंगल्ले, मग तिस्सामहाराम, त्याला तिस्सा म्हणतात. या पट्ट्यात रस्ता सपाट, एका अंगाला समुद्र, नारळाची झाडं, आणि मातीच्या मडक्यात म्हशीचं दही विकायला ठेवलेलं, त्यावर कित्तुल माडाचा काकवीसारखा पाक घालून देतात, थांबून खाच. या पट्ट्यात घाई करू नका, रिक्षा घेतली ती यासाठीच.

तिस्साजवळ कतरगामा आहे, कार्तिकस्वामींचं मोठं क्षेत्र, हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे येतात. आपल्याकडं कार्तिकस्वामींच्या दर्शनाचं बायकांच्या मनात जे असतं ते आईंच्याही मनात येईल, त्यांना सांगा तिकडं बायका रोज पूजेची ताटं घेऊन जातात. पण कतरगामाहून एल्लाला निघालात की मॅप बुत्तला मार्गे जवळचा रस्ता दाखवील, तो घेऊ नका. त्या रस्त्यावर जंगली हत्ती येऊन उभे राहतात, खायला मिळायची सवय लागलीय त्यांना, सोंड गाडीत घालतात. बंद कारमध्ये ठीक, रिक्षाला दारं नाहीत हो. तिस्साला परत या आणि तनमलविलावरून वेल्लवायाला जा. तोही भाग जंगलाच्या कडेचाच आहे, म्हणून सकाळी आठनंतर निघा आणि दुपारपर्यंत पोचा. हत्ती दिसला तर लांबच थांबा, हॉर्न नाही, लाईट नाही, फोटोला खाली उतरणं तर नाहीच, दुसऱ्या मोठ्या गाड्या जाऊ लागल्या की त्यांच्या मागं निघा. आणि केळी-बिळी गाडीत उघडी ठेवू नका.

वेल्लवाया ते एल्ला हा तुमचा घाट. अठ्ठावीसेक किलोमीटरमध्ये आठशे मीटरच्या वर चढ आहे, एल्ला १,०४१ मीटरवर. आपला पसरणीचा घाट यापेक्षा कमी उंची चढतो पण अंतर निम्म्याहून कमी आहे, म्हणजे हा चढ एकंदर सौम्य, फक्त शेवटी रावणा धबधब्याच्या आसपास कसतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश, इंजिन एअर कूल्ड आहे म्हणून दहा मिनिटं दोन-तीनदा थांबवून निवू द्या. गिअर जड होईपर्यंत ओढत बसू नका, इंजिन धापायच्या आधीच खालचा टाका. माकडं आहेत, चाव्या आणि मोबाईल सांभाळा.

एक गोष्ट लोक विसरतात. जानेवारीत दक्षिण किनारा कोरडा असतो म्हणून सगळा देश कोरडा असं धरतात. एल्ला डोंगराच्या पूर्व अंगाला, उवा प्रांतात आहे, तिथं ईशान्य मोसमी पाऊस जानेवारीतही पडतो आणि दरडीही येतात. नॅशनल बिल्डिंग रिसर्च ऑर्गनायझेशन म्हणून त्यांची सरकारी संस्था जिल्हावार दरडीचे इशारे काढते, बादुल्ला जिल्ह्याला इशारा असेल तर तिस्सालाच रिक्षा थांबवा आणि किनाऱ्यानं परत फिरा. तारखा हलवता येत असतील तर फेब्रुवारी-मार्च जास्त बरा.

एल्लाला रिक्षा परत देऊन टाका. नऊ कमानींचा पूल, १९२१ चा, तो पायी बघा. मग ड्रायव्हरसकट गाडी करून नुवारा एलियाकडं, वाटेत सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर लागतं, खाली उतरताना रांबोडाला हनुमानाचं मंदिर, आई-बाबांना हे बघायचं असणारच, आणि अवघड उतार दुसऱ्याच्या हातात. तिथून कँडी करून विमानतळ. आठ दिवसात एवढं नीट होतं, याच्यात अजून सिगिरियाचा खडकावरचा किल्ला कोंबायला जाऊ नका.

कागदांचं थोडक्यात पण हे चुकवू नका. सांगली आरटीओकडून आयडीपी म्हणजे परदेशात चालवायचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, सारथी पोर्टलवरून अर्ज, फी १,००० रुपये, एक वर्ष चालतो. त्यात वर्गांचे शिक्के तपासा. आयडीपीच्या ठरलेल्या नमुन्यात ४०० किलोपर्यंतची तीनचाकी मोटरसायकलबरोबर ए वर्गात धरलेली आहे, त्यामुळं ए आणि कारचा बी असे दोन्ही वर्ग भरलेले पाहिजेत, नुसत्या कारच्या लायसन्सवर जाऊ नका. आणि लंकेत नुसता आयडीपी पुरत नाही, तो ऑटोमोबाईल असोसिएशन ऑफ सिलोनकडून एंडॉर्स करून घ्यावा लागतो किंवा त्यांच्या मोटर ट्रॅफिक खात्याचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. चांगले भाडेवाले आधी कॉपी मागवून हे करून ठेवतात. जो म्हणतो की काही लागत नाही, पोलीस विचारत नाहीत, त्याच्याकडून गाडी घेऊच नका, कारण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं लायसन्स बघतो. इन्शुरन्सच्या कागदावरही गाडी भाड्यानं द्यायला चालते का ते वाचा, खासगी वापराची पॉलिसी असेल तर कामाची नाही. चालू वर्षाचं रेव्हेन्यू लायसन्स, म्हणजे गाडीचा वार्षिक कर भरल्याचा कागद, गाडीत पाहिजे. डिपॉझिट पैशात द्या, पासपोर्ट कुणाकडं ठेवू नका. पोलिसानं दंड केला तर पावती घ्यायची आणि पोस्टात भरायची, हातात नोटा द्यायच्या नाहीत.

गाडी ताब्यात घेताना पहिल्यांदा ब्रेक. पॅडल दाबून धरा, तळाला जात असेल किंवा हळूहळू बसत असेल तर दुसरी गाडी मागा, ऐकून घेऊ नका की चालतंय. मग टायर, तिन्ही आणि स्टेपनी. हँडल हलवून पुढच्या चाकात खेळ आहे का बघा. लाईट, इंडिकेटर, वायपर, हँडब्रेक. पावसाचे पडदे आहेत का, त्याची बटणं लागतात का. क्लच आणि ॲक्सिलेटरची एक एक जादा केबल गाडीत ठेवायला सांगा, वाटेत तुटली तर कुठलाही मेकॅनिक पंधरा मिनिटांत टाकतो, गावोगावी मिळतात, तिकडं दहा लाखांवर तीनचाकी आहेत. इंजिन ऑइल रोज सकाळी बघा. टाकी साधारण आठ लिटरची, लिटरला पंचवीसच्या आसपास धरा आणि अर्ध्यावर आली की भरा, लंका आयओसीचे म्हणजे आपल्या इंडियन ऑइलच्या कंपनीचे पंप दिसतात, ९२ ऑक्टेनचं पेट्रोल टाका. गाडीला लॉक नसतं, म्हणून पासपोर्ट आणि पैसे कायम अंगावर.

रस्त्यावर सगळ्यात जास्त सांभाळायचं ते बसना, लाल सरकारी आणि निळ्या-पांढऱ्या खासगी, त्या जोरात येतात आणि समोरून ओव्हरटेक करत तुमच्या लेनमध्ये येतात. ईर्षा नको, डावीकडं सरका, जाऊ द्या. पट्ट्यांच्या क्रॉसिंगवर माणूस उभा दिसला तर थांबायचंच, तिथं लोक खरंच थांबतात. अंधार पडल्यावर चालवायचं नाही. पौर्णिमेला पोया म्हणून सुट्टी असते, रस्ते भरलेले असतात, त्या दिवशी मुक्काम ठेवा.

काही झालंच तर पोलीस ११९ आणि ॲम्ब्युलन्स १९९०, सुवा सेरिया नावाची फुकट सेवा आहे, २०१६ ला भारताच्या मदतीनं सुरू झालेली. दोन्ही नंबर चौघांच्याही फोनमध्ये टाका, आई-बाबांच्यासुद्धा. आयडीपीला वेळ लागू शकतो म्हणून तो अर्ज या आठवड्यातच करा आणि पहिल्या रविवारी मैदानावर जा.